चुकलेल्या कानाची कारागिरी

मागावरून उतरलेलं लोकरीचं कापड लगेच अंगावर घालण्याजोगं नसे. इंग्लंडात, विशेषतः यॉर्कशरसारख्या लोकरीच्या मुलुखात, ते आधी पाण्यात आणि मुलतानी मातीसारख्या मातीत तुडवलं जाई. त्यातला तेलकटपणा निघे, वीण घट्ट बसे. असं ओलं कापड तसंच वाळू दिलं तर आकसतं आणि त्याच्या किनारी वेड्यावाकड्या होतात. म्हणून उघड्या मैदानांत लांबच लांब लाकडी चौकटी उभ्या असत. चौकटीच्या वरच्या आणि खालच्या दांडीवर वाकडे खिळे ओळीनं ठोकलेले असत. कापडाच्या दोन्ही किनारी त्यांत अडकवायच्या आणि पूर्ण वाळेपर्यंत ते ताणून ठेवायचं. या चौकटीला म्हणत 'टेंटर' आणि खिळ्यांना 'टेंटरहुक्स'. लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात 'टेंटर ग्राउंड' नावाचा रस्ता आजही आहे. निकालाची, पत्राची, डॉक्टरांच्या शब्दाची वाट पाहत जीव ताणला गेला, की इंग्रजीत माणूस 'ऑन टेंटरहुक्स' असतो. १७४८ साली टोबायस स्मॉलेटनं 'रॉडरिक रँडम' या कादंबरीत अनिश्चिततेच्या संदर्भात हे खिळे वापरले, तेव्हा वाचकांपैकी कित्येकांनी त्या चौकटी प्रत्यक्ष पाहिलेल्या असणार.

या प्रतिमेतला नेमकेपणा सावकाश पाहण्याजोगा आहे. कापड टांगलेलं नाही, ते ताणलेलं आहे. टांगलेल्या वस्तूला एकच आधार असतो. इथे दोन्ही किनारी पकडलेल्या आहेत, आणि वाट पाहणाऱ्या माणसाचीही एक बाजू आशेनं धरलेली असते, दुसरी भीतीनं. शिवाय हा ताण कापड फाडण्यासाठी नाही. तो अमुक वेळानं संपणार आहे, पण कधी, ते कापडाच्या हाती नाही, उन्हा-वाऱ्याच्या हाती आहे. प्रतीक्षेचं इतकं अचूक वर्णन एका शब्दात बसवणाऱ्याचं नाव आपल्याला ठाऊक नाही. चौकटीशेजारी दिवस काढणाऱ्या कुणाला तरी एका संध्याकाळी ते सुचलं असेल.

आज टेंटर कुणाच्या पाहण्यात नाही. शब्द उरला आणि वस्तू गेली. मग कान तिथे अडखळतो आणि शेजारचा जिवंत शब्द उचलतो: 'ऑन टेंडर हुक्स'. बोलताना 'न'नंतरचा 'ट' मऊ पडतो, त्यामुळे ध्वनीच्या दृष्टीनं हे एकच पाऊल आहे. पण अर्थाच्या बाजूला काय घडलं ते पाहा. 'टेंडर' म्हणजे नाजूक, हळवं, हात लागताच दुखणारं. आकडे नाजूक नसतात हे उघड आहे, तरी हळवेपण टोचणाऱ्या वस्तूला बहाल झालं आहे. झोप माणसाला नसते आणि आपण रात्रीला जागी म्हणतो, तसाच हा प्रकार. दुखऱ्या जागी रुतणारे आकडे असा नवा अर्थ त्यातून उभा राहतो आणि घालमेल तशीच्या तशी पोचते. मूळ प्रतिमा अधिक श्रेष्ठ आहे याबद्दल माझ्या मनात शंका नाही. तरीही ही चूक करणाऱ्या कानाला भाषेची उपजत समज आहे, हे मान्य करावंच लागतं.

अशा चुकांना इंग्रजीत एक गोड नाव मिळालं आहे. २००३च्या सप्टेंबरमध्ये मार्क लिबरमन या भाषाशास्त्रज्ञानं एका बाईंची नोंद केली. ओक वृक्षाच्या फळाला, म्हणजे 'एकॉर्न'ला, त्या 'एग कॉर्न' म्हणत आणि तसंच लिहीत. या प्रकाराला नाव काय द्यावं असा प्रश्न निघाला, तेव्हा जेफ्री पुलम यांनी सुचवलं की त्याच उदाहरणाचं नाव द्यावं, आणि 'एगकॉर्न' रूढ झालं. फळाकडे पाहिलं तर बाईंच्या कानाची करामत लगेच पटते. टोपीवजा वाटीत बसवलेलं अंड्याच्या आकाराचं ते दाणेदार फळ. अंडं आणि दाणा, दोन्ही त्यात दिसतात.

याहून सुंदर गोष्ट त्याच्या मागे दडलेली आहे. 'एकॉर्न' हा प्रमाण शब्दही एका जुन्या चुकीतूनच आला आहे. जुन्या इंग्रजीत तो 'अॅकर्न'सारखा काहीतरी होता. त्याचं नातं शेताच्या मापासाठी आपणही वापरतो त्या 'एकर'शी, म्हणजे मोकळ्या रानाशी. रानचं फळ, एवढाच त्याचा अर्थ. पुढे ते नातं विसरलं गेलं, लोकांना त्यात 'ओक' आणि 'कॉर्न' म्हणजे दाणा ऐकू येऊ लागला, आणि स्पेलिंगही त्या बाजूला झुकलं. म्हणजे मध्ययुगातल्या कुणी रानच्या फळाला ओकचा दाणा केलं आणि विसाव्या-एकविसाव्या शतकातल्या एका बाईंनी ओकच्या दाण्याला अंड्याचा दाणा केलं. दोन्ही वेळा कारागिरी तीच आहे. पहिलीला शब्दकोशात मान मिळाला इतकाच फरक.

एगकॉर्नची दोन भावंडं वेगळी ओळखता यायला हवीत. शेरिडनच्या १७७५ सालच्या 'द रायव्हल्स' नाटकातल्या मिसेस मॅलाप्रॉप भारदस्त शब्द भलत्या जागी वापरतात. नाइलच्या काठच्या मगरीला त्या रूपककथा करून टाकतात, कारण 'अॅलिगेटर' आणि 'अॅलेगरी' कानाला जवळचे. तिथे ध्वनी जुळतो आणि अर्थ कोसळतो, म्हणून प्रेक्षक हसतो. दुसरं भावंड आहे 'माँडग्रीन'. सिल्व्हिया राइट या लेखिकेनं लहानपणी आईच्या तोंडून एक स्कॉटिश बॅलड ऐकलं होतं. १५९२ साली मारला गेलेला मरीचा अर्ल त्याचा नायक. त्याला मारून हिरवळीवर निजवलं, असं सांगणारे शब्द छोट्या सिल्व्हियाला एका स्त्रीच्या नावासारखे ऐकू आले, आणि तिच्या मनात त्या वीराशेजारी लेडी माँडग्रीन नावाची सरदारीण प्राण सोडून पडली. १९५४च्या नोव्हेंबरमध्ये 'हार्पर्स' मासिकात राइटबाईंनी हे लिहिलं आणि या प्रकाराला नाव दिलं. माँडग्रीन गाण्यात घडतं आणि त्यातून नवीच गोष्ट जन्मते. एगकॉर्नला ती मोकळीक नाही. त्यानं शब्द बदलायचा, पण वाक्प्रचाराचं काम चालूच ठेवायचं. ऐकणाऱ्याला बदल जाणवूही नये. म्हणूनच मला हा सर्वांत अवघड आणि सर्वांत रसाळ प्रकार वाटतो.

ध्वनीच्या बाजूनं पाहिलं तर माझं सर्वांत आवडतं उदाहरण आहे 'यू हॅव अनदर थिंक कमिंग'. तुला असं वाटत असेल तर पुन्हा एकदा विचार करावा लागेल, असा ठसक्यात दिलेला इशारा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झालेल्या या वाक्याची खुमारी 'थिंक' या क्रियापदाला नाम करण्यात आहे. आधीच्या अर्ध्या वाक्यात समोरच्यानं काहीतरी 'थिंक' केलेलं असतं. दुसऱ्या अर्ध्यात तोच शब्द वस्तूसारखा त्याच्या अंगावर परत येतो. व्याकरण जाणूनबुजून थोडं वाकवलेलं आहे आणि त्या वाकण्यातच टोमणा आहे.

आज कितीतरी इंग्रजी बोलणारे म्हणतात 'अनदर थिंग कमिंग'. १९८२ साली 'जुडास प्रीस्ट' या ब्रिटिश हेवी मेटल बँडच्या गाण्याच्या नावातही हेच रूप आलं आणि ते जगभर पोचलं. असं का झालं हे मराठी कानाला फार छान कळू शकतं, कारण इंग्रजीत नसलेली एक गोष्ट आपल्या भाषेत पक्की आहे. मका आणि मक्का यांत आपण कधीच गफलत करत नाही. जोडाक्षरातला थांबलेला 'क' आपल्याला स्पष्ट ऐकू येतो. इंग्रजीत एका शब्दाच्या पोटात असं द्वित्व अर्थ बदलत नाही, त्यामुळे 'थिंक'चा शेवटचा 'क' आणि 'कमिंग'चा पहिला 'क' एकमेकांत विरघळतात आणि ऐकणारा एकच 'क' मोजतो. तो 'क' कमिंगच्या वाट्याला गेला की मागे काय उरतं? नाकातला तेवढा नाद. आणि इंग्रजांच्या तोंडी 'थिंग'च्या शेवटी आपण उच्चारतो तसा 'ग' नसतोच, नुसता तो नाकातला नादच असतो. म्हणजे एकही ध्वनी न बदलता, फक्त एका व्यंजनाची मोजणी चुकून, विचाराची वस्तू झाली. हा जोड इतका बेमालूम आहे की ध्वनिमुद्रण ऐकूनही बोलणाऱ्यानं नेमकं काय म्हटलं ते ठरवणं कठीण जावं. अर्थाच्या बाजूनं मात्र 'थिंग'मध्ये मूळची उलटतपासणी हरवते आणि नुसतं 'पुढे काहीतरी वाढून ठेवलंय' एवढंच उरतं. ते वाईट नाही, पण 'थिंक'चा तो पलटवार त्यात नाही.

पुष्कळशा चुका तर ऐकून पकडताच येत नाहीत, लिहिल्यावर दिसतात. देवनागरीत लिहायला बसलं की हे विशेष जाणवतं. 'टो द लाइन' म्हणजे आखून दिलेल्या रेषेबरहुकूम वागणं. पक्षाच्या भूमिकेपलीकडे न जाणाऱ्या पुढाऱ्यांबद्दल हे रोज लिहिलं जातं. यातला 'टो' म्हणजे पायाची बोटं. शर्यतीच्या आरंभी धावपटू रेषेला बोटं टेकवून उभे राहत, मुष्टियोद्धे आखलेल्या खुणेला भिडत, जहाजाच्या डेकवर खलाशी फळ्यांच्या सांध्याशी बोटं जुळवून रांग धरत. पुष्कळ लोक मात्र दुसरा 'टो' लिहितात, दोरानं बोट किंवा गाडी ओढण्याचा. आपल्या लिपीत दोन्हींची अक्षरं तीच, म्हणून ही चूक देवनागरीत उमटूच शकत नाही. इंग्रजीत मात्र एका अक्षराच्या फरकानं चित्र पार बदलतं. मूळ चित्रातला माणूस स्तब्ध आहे. त्याचं आज्ञापालन न हलण्यात आहे, आणि बोटाचं टोक रेषेच्या पुढे एक तसूभर गेलं तरी शिस्त मोडते. दुसऱ्या चित्रात तो खांद्यावर दोर घेऊन कुणाचं तरी ओझं ओढतो आहे. पक्षाची निष्ठा म्हणजे ओझं वाहणं, हा अनुभव अनेक कार्यकर्त्यांना मूळ अर्थापेक्षा जवळचा वाटला तर नवल नाही. तरीही बोटाच्या टोकावर सगळी शिस्त तोलणारं ते पहिलं चित्र मी सोडणार नाही.

'फ्री रेन'ची गोष्ट याच वळणाची. घोड्याचा लगाम सैल सोडणं आणि राजाची सत्ता, दोन्ही 'रेन'. घोडे रस्त्यावरून गेले तसे लोक सत्तेचा 'रेन' लिहू लागले. लगाम सैल सुटणं आणि अनिर्बंध राज्य मिळणं यांत अंतर किती थोडं! पण सैल लगामात स्वार अजून खोगिरावर असतो आणि त्यानं मनात आणलं तर लगाम पुन्हा खेचता येतो. मूळ शब्दात ही एक अट शिल्लक आहे आणि ती फार मोलाची आहे.

काही चुका मला फसलेल्या वाटतात. 'डीप-सीटेड', म्हणजे खोलवर ठाण मांडून बसलेला राग किंवा पूर्वग्रह. अमेरिकी उच्चारात दोन स्वरांमधला 'ट' आणि 'ड' एकच होतात, म्हणून तिथे 'डीप-सीडेड' लिहिलं जातं, खोल पेरलेला. कल्पना पहिल्या नजरेत मोहक आहे. पण कुठल्याही शेतकऱ्याला विचारा: फार खोल पेरलेलं बी उगवतच नाही. 'डॅम्प स्क्विब'चंही तसंच. 'स्क्विब' म्हणजे छोटा फटाका, तो भिजला की आपण ज्याला फुसका बार म्हणतो तो झाला. ब्रिटनमध्ये काही जण त्याला 'डॅम्प स्क्विड' म्हणतात. स्क्विड म्हणजे आपल्या किनारपट्टीवरचं माकूल. ते जन्मभर पाण्यातच असतं, त्याला ओलं म्हणण्यात कसली निराशा? फटाक्याच्या ओलेपणात उत्सवाची वाट पाहणं आहे, वातीला लावलेली काडी आहे, मागे सरकलेली मुलं आहेत. ते सगळं एका व्यंजनासरशी गेलं.

श्वासाच्या वाक्प्रचाराकडे वळताना मला नेहमी थोडं थांबावंसं वाटतं. 'विथ बेटेड ब्रेथ' म्हणजे श्वास रोखून. यातला 'बेटेड' हा 'अबेट' म्हणजे ओसरणं, कमी करणं या शब्दाचा डोकं छाटलेला अवशेष. हा शब्दप्रयोग शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये येतो, आणि तिथे त्याची छटा आजच्याहून वेगळी आहे. काल अंगावर थुंकणारा माणूस आज कर्ज मागायला आला आहे, आणि शायलॉक त्याला विचारतो की आता मी गुलामासारखा वाकून, श्वास आवरून, दबल्या आवाजात बोलू का? म्हणजे तिथला कमी झालेला श्वास उत्कंठेचा नाही, लाचारीचा आहे, आणि तो नाकारला जातो आहे. मोठ्या माणसासमोर गरिबाचा श्वाससुद्धा आपोआप लहान होतो, हे निरीक्षण एका विशेषणात मावलं आहे. पुढे लाचारी गळाली आणि उत्कंठा उरली.

आता या 'बेटेड'मध्ये इंग्रजीतलं एक अक्षर वाढवलं की तो गळाला लावायच्या आमिषाचा 'बेट' होतो: आमिष लावलेला श्वास. ऐकायला विचित्र, पण एका आयरिश कवीला, जेफ्री टेलरला, यातली गंमत दिसली. १९३३मध्ये त्यानं एका हुशार मांजरीवर चिमुकली कविता केली. ही मांजर चीज खाते आणि उंदराच्या बिळावर तोंड लावून श्वास सोडत बसते. वासाला भुलून उंदीर बाहेर येतात. श्वास रोखून बसलेली मांजर आणि आमिष लावलेला श्वास, दोन्ही अर्थ एकाच प्राण्यात नांदतात. चुकीचा उपहास न करता, तिच्यातली शक्यता ओळखून तिला जागा देणं ही रसिकतेची फार वरची पायरी आहे.

शेक्सपिअरचाच आणखी एक शब्दसमूह माझ्या मते या सगळ्यांचा मुकुटमणी आहे. 'मॅकबेथ'च्या चौथ्या अंकात मॅकडफला कळतं की त्याची बायको, मुलं, घरातली सगळी माणसं मारली गेली. त्याला ते एकदम समजत नाही, तो पुन्हा पुन्हा विचारतो. मग त्याच्या तोंडून नरकातल्या घारीचं चित्र येतं. कोंबडी आणि तिची पिल्लं, सगळी एकाच झडपेत उचलली. तीच 'वन फेल स्वूप'. हा 'फेल' म्हणजे 'पडला' नव्हे. क्रूर या अर्थाचं ते जुनं विशेषण आहे. 'फेलन' म्हणजे गंभीर गुन्हेगार, तो याच घराण्यातला. 'स्वूप' हा घारीच्या सूर मारण्याचा शब्द, आणि त्याच्या लांब 'ऊ'त वरून खाली येणारा झोत कानाला जाणवतो. मधला 'फेल' आखूड, 'स्वूप' लांबट: आधी निर्णय, मग झेप. मुलांना पिल्लं म्हणणारा बाप इथे रडत नाही, तो फक्त जे घडलं त्याचा आकार सांगतो.

आज ही झडप अगदी घरगुती झाली आहे. सगळी बिलं एकदम भरली तरी ती 'वन फेल स्वूप'मध्ये. 'फेल' कळेनासा झाला म्हणून लोक 'वन फाउल स्वूप' म्हणतात, आणि 'फाउल' म्हणजे ओंगळ, नीच. क्रूरतेच्या जागी नीचपणा आला. अर्थ फारसा हलला नाही, उलट मेलेल्या विशेषणाच्या जागी त्याच रंगाचं जिवंत विशेषण बसलं. कुणी कुणी स्पेलिंग बदलून पक्ष्याचा, कोंबडीचा 'फाउल' लिहितं. मॅकडफच्या त्या वाक्यातली कोंबडी अशी नकळत त्याच वाक्प्रचारात परत येते! लिहिणाऱ्यानं 'मॅकबेथ' वाचलेलंही नसेल. चारशे वर्षांपूर्वीच्या चित्राचा तुकडा चुकीच्या वाटेनं पुन्हा चित्रात येऊन बसावा, यासारखं सुख भाषेच्या अभ्यासात मला क्वचित मिळालं आहे.

कायद्याच्या भाषेकडून आलेल्या शब्दांत असं चित्र नसतं, तिथे लय असते. 'फॉर ऑल इंटेंट्स अँड पर्पजेस', म्हणजे व्यवहारतः, सर्व दृष्टींनी. आठव्या हेन्रीच्या काळातल्या कायद्यात याचं तिपदरी रूप होतं: हेतू, अर्थ लावणं आणि उद्देश असे तीन शब्द ओळीनं. पळवाट राहू नये म्हणून एकाच गोष्टीला दोन-तीन नावं देण्याची ही वकिली सवय. पुढे मधला शब्द झिजला आणि दोन पायांवर छान तोलणारी जोडी उरली. तिचं 'फॉर ऑल इंटेन्सिव्ह पर्पजेस' झालेलं रूप १८७०मध्येच एका अमेरिकी वर्तमानपत्रात छापलं गेलं होतं. ध्वनीचं काम इथे पुन्हा सफाईदार आहे. 'अँड'चा बोलताना नुसता 'न' होतो आणि ओठ पुढच्या 'प'साठी आधीच मिटायला लागलेले असतात. पण 'इंटेन्सिव्ह' शब्द आला आणि जोडीचा तोल गेला. त्या जागी ना चित्र आहे ना लय, नुसता भारदस्तपणा आहे. ध्वनी साधूनही मला न पटणारी ही चूक आहे.

'मूट पॉइंट'चं 'म्यूट पॉइंट' होणं त्यापेक्षा बरं. 'मूट' म्हणजे जुन्या इंग्रजीत सभा, जिथे वाद ऐकून निवाडा होई. आपल्याकडच्या विधी महाविद्यालयांत 'मूट कोर्ट' स्पर्धा होतात, त्यामुळे मराठी कायद्याच्या विद्यार्थ्याला हा शब्द सरासरी अमेरिकी माणसापेक्षा अधिक ओळखीचा असतो. वादाचा मुद्दा म्हणून सुरू झालेला हा शब्द अमेरिकेत 'आता ज्याचा काही उपयोग नाही असा मुद्दा' या अर्थाला पोचला, आणि उपयोग संपलेल्या मुद्द्याला मुका म्हणणं अगदीच गैर नाही.

'जस्ट डिझर्ट्स'मध्ये तर चुकीनं दुरावलेल्या सख्ख्या भावंडांची गाठ घालून दिली आहे. केलेल्या कर्माचं योग्य फळ, असा याचा अर्थ. हा 'डिझर्ट' म्हणजे 'डिझर्व्ह'चं नाम, लायकीनुसार मिळालेलं. वाळवंटासारखंच त्याचं स्पेलिंग, पण उच्चार जेवणानंतरच्या गोडाचा. साहजिकच लोक दोन 'एस' घालून गोड पदार्थ लिहितात, आणि खोडसाळपणाचं फळ पानात वाढलं जातं. मुळाशी गेलं तर दोन्ही शब्द फ्रेंचमधून आले आणि दोन्हींच्या पोटात 'सर्व्ह' म्हणजे सेवा करणं, वाढणं हेच क्रियापद आहे. फरक उपसर्गाच्या कामाचा. एकात तो सेवेला पूर्णत्व देतो: नीट सेवा केली म्हणून पात्र ठरला. दुसऱ्यात तो कृती उलटवतो: वाढलेलं उचललं, ताटं हलवली, आता शेवटचं गोड. चूक करणारा स्पेलिंग चुकवतो आणि कुळ बरोबर सांगतो.

काही चुका तर इतक्या जिंकल्या आहेत की त्यांना चूक म्हणणंच आज चूक ठरेल. इंग्रजीत नवरदेव 'ब्राइडग्रूम'. जुन्या इंग्रजीत शेवटचा तुकडा 'गुमा' होता, म्हणजे माणूस, वधूचा माणूस. 'गुमा' शब्द मेला, आणि सोळाव्या शतकात लोकांनी तिथे 'ग्रूम' बसवला, म्हणजे पोरगा, गडी. घोड्याची निगा राखणारा मोतद्दारही तोच. 'स्पिटिंग इमेज' म्हणजे हुबेहूब प्रतिमा, हे 'स्पिट अँड इमेज'वरून आलं. तिथला 'न' आणि 'इंग' एकमेकांत मिसळले आणि प्रतिमा स्वतःच थुंकू लागली. आपल्याही जवळ अशी उदाहरणं आहेत. मोहरमच्या मिरवणुकीतला 'या हसन, या हुसेन'चा आक्रोश गोऱ्या सोजिरांनी 'हॉब्सन-जॉब्सन' असा ऐकला, आणि १८८६ साली यूल व बर्नेल यांनी अँग्लो-इंडियन शब्दांच्या आपल्या थोर कोशाला तेच नाव दिलं. उलट दिशेनं, पलटणीतल्या पहारेकऱ्याचं 'हू कम्स देअर' देशी शिपायाच्या तोंडी 'हुकुमदार' झालं. अंधारातून येणाऱ्याला अडवताना 'हुकूम' ऐकू यावा, यात शिपायाच्या कानानं आपला अधिकार स्वतःच घडवला आहे.

पण या सगळ्यांत वर्तुळ पूर्ण करणारी चूक एकच. 'स्केपगोट' म्हणजे दुसऱ्याच्या पापासाठी बळी जाणारा. न कळून काही जण त्याला 'एस्केप गोट' म्हणतात, निसटलेला बकरा, आणि जाणकार त्यांना दुरुस्त करतात. आता १५३० साली बायबलचा काही भाग हिब्रूतून इंग्रजीत आणणाऱ्या विल्यम टिंडलच्या टेबलाशी जाऊन पाहावं. लेवीय ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात दोन बकरे आहेत. एकाचा बळी दिला जातो. दुसऱ्याच्या डोक्यावर लोकांची पापं ठेवून त्याला रानात हाकलतात. हिब्रूतला 'अझाझेल' हा गूढ शब्द टिंडलनं 'जाणारा बकरा' असा वाचला आणि त्यासाठी शब्द घडवला: 'एस्केप'चं त्या काळचं आखूड रूप 'स्केप', आणि त्याला जोडून 'गोट'. म्हणजे निसटणारा बकरा हाच त्याचा मूळ अर्थ. शेकडो वर्षांत निसटणं विसरलं गेलं आणि ज्याला कुठेच निसटता येत नाही अशा माणसाचं ते नाव बनलं. चुकीचं बोलणारा आज टिंडलशी सहमत आहे, त्याला ते माहीत नाही एवढंच. जाणकारानं त्याला दुरुस्त करताना क्षणभर थांबावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एक निवाडा अजून लागायचा आहे. लक्ष्यावर नेमकं येऊन ठेपणं म्हणजे 'होम इन'. यातला 'होम' शिकवलेल्या कबुतराच्या घरी परतण्यावरून आला आणि पुढे विमानांना, क्षेपणास्त्रांना लागला. आज 'होन इन' झपाट्यानं पसरतं आहे. 'म'चा 'न' झाला, बस्स. 'होन' म्हणजे निसणा, धार लावायचा दगड. भूक चाळवण्यासाठीच्या 'व्हेट'मध्येही हाच दगड आहे, आणि तिथे लोक त्याला 'वेट' म्हणजे ओलं करून टाकतात. एका वाक्प्रचारातून निसणा जातो आहे आणि दुसऱ्यात, जिथे तो कधी नव्हता, तिथे शिरतो आहे. धार काढत काढत टोकाशी यावं तसं मुद्द्याशी येणं, हा 'होन'चा अर्थ जुळतो आणि त्याचे समर्थक वाढत आहेत. माझं मत तरीही 'होम'च्या बाजूला आहे. धार लावणाऱ्याला कुठे जायचंय हे ठाऊक असण्याची गरज नसते. कबुतराला ते निघण्याआधीपासून ठाऊक असतं, आणि वाक्प्रचाराला हवी आहे ती नेमकी हीच खात्री.